सत्तर कुटुंबांची मंडळी दहा वर्षे तेवढीच का राहते, आणि ती वाढायला काय करावे लागते

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावातली मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद. नोंदीला सत्तर कुटुंबे, रविवारच्या उपासनेला सरासरी ११० माणसे, चर्चमध्ये सहा फुटी ३२ बाके. दहा वर्षांत आकडा हललेला नाही. तरुण पुण्या-मुंबईला जातात, पाळक (चर्चचे धर्मगुरू) नवे आले आहेत, कमिटीत दोन तट आहेत. काही जण म्हणतात, तीन दिवसांच्या संजीवन सभा (श्रद्धा जागवणाऱ्या मोठ्या प्रार्थनासभा) घ्या, मंडळी आपोआप वाढेल. सुरुवात कुठून करावी?

संजीवन सभांपासून नको. सभा वाईट असतात म्हणून नव्हे. मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्या वक्त्यांचा प्रवास आणि तीन दिवसांचे जेवण यांत वर्षभराची शिल्लक जाते. शेवटच्या रात्री तीस-चाळीस जण प्रार्थनेसाठी पुढे येतात आणि सोमवारी त्यांच्या घरी जाणे हे कोणाचेच काम नसते. महिन्याभरात त्यातले एखादे कुटुंब दिसले तर दिसते. सभेत आलेल्या माणसाला धरून ठेवणारी घरे आधी तयार हवीत. ती झाली की सभा घ्या, तिचा उपयोग होईल.

आता तुमचे आकडे पाहू. सहा फुटी बाकावर माणशी दीड फूट धरले तर चार जण बसतात. ३२ बाकांवर १२८. चर्चच्या कामातला जुना अनुभव आहे की जागा पाचात चार भाग भरली की नव्या माणसाला चर्च भरलेले वाटते. उरलेली जागा पहिल्या दोन बाकांवर किंवा कोणाच्या तरी घरच्यांच्या मधोमध असते आणि तिथे अनोळखी माणूस बसत नाही. १२८चे पाचात चार म्हणजे १०२. तुमचे ११० येतात. म्हणजे रविवारी चर्च भरून वाहते असे तुम्हाला वाटत असेल आणि आकडा तिथेच का अडतो हे कळत नसेल, तर अडण्याचे एक कारण हेच आहे.

यावर नवे बांधकाम काढू नका. सर्वांत सोपा उपाय शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची, वेळ बदलणे. मुले पहिल्या दोन गीतांना आणि आरंभीच्या प्रार्थनेला मोठ्यांबरोबर बसू द्या, मग शिक्षकांबरोबर वर्गात जाऊ द्या. पंचवीस मुले उठली की सहा बाके मोकळी होतात. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) रविवारी मात्र मुलांना आशीर्वादाच्या आधी परत आणा. मोठ्यांची उपासना त्यांनी पाहिलीच नाही तर पंधराव्या वर्षी ती त्यांना परकी वाटते. दुसरा उपाय दुसऱ्या उपासनेचा, पण ३५-४० माणसे सहा महिने नेमाने त्याच वेळेला येण्याचे कबूल करत असतील तरच. बारा माणसांनी सुरू केलेली दुसरी उपासना दोन महिन्यांत बंद पडते आणि पुन्हा तो विषय काढायला कोणी धजत नाही. वेळ ठरवण्याआधी कामगारांना विचारा. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमच्याकडच्या एमआयडीसीत तसेच असेल तर ज्यांना तुम्ही ढिले सभासद म्हणता ते रविवारी पाळीवर असतील. त्यांना गुरुवारी संध्याकाळची उपासना द्या.

हे झाले बाकांचे. खरी गोष्ट नोंदवहीत आहे. सत्तर कुटुंबे म्हणजे घरटी चार माणसे धरली तरी २८०. येतात ११०. उरलेले १७० कुठे आहेत? मंडळीची पहिली वाढ तुमच्याच वहीत नावे लिहिलेल्या माणसांमध्ये आहे. सेक्रेटरी, पाळक आणि जुन्या जाणत्या दोन बहिणी यांनी दोन संध्याकाळी बसून प्रत्येक नावापुढे खूण करावी: येतात; गावात आहेत पण येत नाहीत; बाहेरगावी आहेत; वारले आहेत किंवा दुसऱ्या मंडळीत गेले आहेत. जुन्या बहिणी हव्यातच. कोणाची सून माहेरी आहे, कोणाचा मुलगा नाशिकला आहे आणि कोणाशी कोणाचे बोलणे बंद आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. नवी वही घालताना घराचा पत्ता, फोन, जन्मतारीख, बाप्तिस्मा व दृढीकरणाचे (स्वतः विश्वास जाहीर करून पूर्ण सभासद होण्याच्या विधीचे) वर्ष, व्यवसाय, आजारपण आणि घरातले कोण कोणत्या कामात आहे एवढे रकाने पुरतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या मूळ वह्या वेगळ्या आणि कुलपात ठेवा, त्यांत खाडाखोड नको.

हजेरीही मोजा, पण नीट. दर रविवारी पुरुष, स्त्रिया आणि मुले वेगळी मोजून लिहा. नाताळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर हे दिवस सरासरीत धरू नका. यंदाचा जून गेल्या जूनशी ताडून पाहा, मे महिन्याशी नव्हे. मे महिन्यात अर्धे गाव लग्नांत असते.

मग पोटविभाग. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपला जावई मोशे याला सांगतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसशील तर तूही झिजशील आणि लोकही झिजतील; दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसे नेम. सत्तर कुटुंबांचे आठ विभाग करा, प्रत्येकात आठ-नऊ घरे. विभाग वस्तीप्रमाणे पाडा, आडनावाप्रमाणे नको. प्रत्येक विभागाला एक भाऊ आणि एक बहीण नेमा. शक्यतो नवरा-बायको नकोत, म्हणजे दोन घरांचे हात लागतात. कमिटीवर असलेच पाहिजेत असेही नाही. ज्यांच्या घरी लोक आपण होऊन दुःख सांगायला जातात तेच या कामाचे.

त्यांचे काम मोजके ठेवा, म्हणजे ते होईल. एखादे घर दोन रविवार दिसले नाही तर त्याच आठवड्यात फोन. तिसरा रविवार गेला तर भेट. विभागात आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणे, मयत झाली तर त्याच दिवशी पाळकांना कळवणे. महिन्यातून एक घरगुती प्रार्थनासभा, दर वेळी वेगळ्या घरी, एक तासाची, चहाबिस्किटांपलीकडे खाणे नाही. हा शेवटचा नियम कडक पाळा. पहिल्या घरी पोहे होतात, दुसऱ्या घरी पुरी-भाजी, चौथ्या घरी चिकन, आणि मग ज्या बाईला ते परवडत नाही ती "आमच्याकडे पुढच्या महिन्यात" म्हणत सभाच टाळते. अशा सभा बंद पडण्याचे हे सर्वांत मोठे कारण असते, आणि ते कमिटीच्या इतिवृत्तात कधीच लिहिलेले नसते.

तीन आठवड्यांचा आग्रह एवढ्यासाठी की न येणारा माणूस सुरुवातीला वाट पाहत असतो. कोणी विचारते का, एवढेच त्याला पाहायचे असते. दीड-दोन महिन्यांत रविवारची सकाळ दुसऱ्या कामाला लागते, मनातही "आपल्यावाचून अडत नाही" हे पक्के होते, आणि त्यानंतरची भेट वसुलीला आल्यासारखी वाटते.

पाळकसाहेबांनी या सोळा जणांना महिन्यातून एकदा तासभर भेटावे आणि स्वतः आठवड्याला चार घरे करावीत. सत्तर घरांची फेरी साधारण चार महिन्यांत होते, वर्षातून दोनदा तरी प्रत्येक उंबरा लागतो. भेट कशी असावी हेही सांगतो, कारण भेटी होतात आणि तरी काही घडत नाही अशी तक्रार सगळीकडे आहे. आदल्या दिवशी फोन करा. अर्धा-पाऊण तास बसा, अधिक नाही. पहिली दहा मिनिटे घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी बोला. वर्गणीचा विषय, कमिटीचा विषय, न येण्याचा जाब, यांतले काहीही काढू नका. निघण्याआधी बायबलमधला सात-आठ ओव्यांचा उतारा वाचा आणि "कोणासाठी प्रार्थना करू?" असे विचारून ज्यांची नावे सांगितली त्यांच्याच नावाने प्रार्थना करा. बाहेर पडल्यावर ती नावे वहीत लिहा. तीन आठवड्यांनी चर्चच्या दारात "आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का?" हे विचारता आले तर ती भेट पुरी झाली. घरात एकटीच बहीण असेल तर पाळकबाईंना (पाळकांच्या पत्नीला) किंवा विभागातल्या बहिणीला बरोबर घ्या.

नवे लोक येण्याबद्दल. मंडळ्यांच्या वाढीचा पद्धतशीर अभ्यास ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली मध्य प्रदेशातल्या दमोहला जन्मले आणि त्यांनी मध्य भारतातच बरीच वर्षे मिशनकार्य केले. शेजारशेजारच्या मंडळ्यांपैकी एक का वाढते आणि दुसरी का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. विश्वास नात्यागोत्याच्या वाटांनी पसरतो, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. आपल्याकडे ते खरेच आहे. पण दोन-तीन पिढ्यांनी त्याच वाटा भिंती होतात. सत्तर कुटुंबांतली पन्नास एकमेकांची व्याही-सोयरी असतात, उपासनेनंतर आवारात घोळके पडतात ते घराण्यांचे, आणि बदली होऊन आलेली नर्स किंवा शिक्षिका पंधरा मिनिटे झाडाखाली उभी राहून निघून जाते. तिला कोणी वाईट बोललेले नसते, तिच्याशी कोणी बोललेलेच नसते.

म्हणून दर रविवारी दोन माणसे केवळ या कामाला ठेवा, तीही वेगवेगळ्या घराण्यांतली. नवे माणूस आले की नाव आणि फोन विचारायचा, आपल्या शेजारी बसवायचे, गीताचे पान काढून द्यायचे. व्यासपीठावरून उभे राहायला सांगू नका. लाजरा माणूस पुन्हा येत नाही. मंगळवारपर्यंत एक फोन, पहिल्या दीड महिन्यात विभागातल्या दोन-तीन घरी बोलावणे, आणि तीन महिन्यांच्या आत हाताला एखादे काम, मग ते फुले लावण्याचे का असेना. इतर धर्मांतून कुतूहलाने येणाऱ्यांबाबत घाई करू नका. फी, धान्य, नोकरी, लग्न यांचे आश्वासन कोणीही द्यायचे नाही हे कमिटीच्या ठरावात लिहून ठेवा. आमिषाने आलेला माणूस आमिष संपताच जातो. शिवाय त्या एका गोष्टीने पूर्ण मंडळी कायद्याच्या आणि गावाच्या रोषात सापडते. बाप्तिस्म्याआधी निदान सहा महिने नियमित शिक्षण आणि घरच्यांशी उघड बोलणे झालेले असावे.

उपासना ठरल्या मिनिटाला सुरू करा. पाच जण असले तरी. दीड तासात गायनाला वीस-पंचवीस मिनिटे, वाचन आणि प्रार्थनांना वीस, संदेशाला पंचवीस ते तीस, अर्पण व आशीर्वादाला दहा. सूचना पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. त्या लेखी घ्या आणि एकानेच वाचा.

गायनावर थोडे अधिक बोलायला हवे. मराठी मंडळीला इथे मोठा वारसा आहे. अहमदनगरला १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, पुढे रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या गीतांनी अभंगाचा बाज चर्चमध्ये रुजवला. तरीही आज पुष्कळ ठिकाणी तीन जण माइकवर गातात आणि मंडळी ऐकते. याचे कारण बहुतेक वेळा सूर असतो. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो. ध्रुवपद सगळे म्हणतात. अंतरा तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या 'ग'ला) गेला की पुरुष गप्प होतात, मग बायका. असे गीत काळी एकला (पेटीवरच्या उंच पट्टीला) धरले तर साध्या गळ्याला झेपत नाही; तेच खालच्या पांढरी सहाला धरा, मंडळी शेवटच्या कडव्यापर्यंत बरोबर राहते. शनिवारी सरावाला गाणाऱ्यांखेरीज साठीचा एक गृहस्थ आणि एक साधी गाणारी बहीण बोलवा, त्यांच्याकडून गीतातली सर्वांत उंच ओळ म्हणवून घ्या, आणि त्यांना जमेल ती पट्टी पक्की करा. रविवारच्या पाच गीतांत तीन सर्वांना पाठ असलेली, एक तरुणांच्या पसंतीचे, आणि एक नवे; ते नवे गीत चार रविवार सलग घ्या. तबला-ढोलकी असू द्या, ड्रमसेट असेल तर माइक लावू नका. शंभर माणसांच्या दगडी चर्चमध्ये तो आवाज शब्द गिळतो.

पैशाबाबत एकच धोरण: संशयाला जागाच ठेवायची नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच लिहिले आहे की देणगी नेताना कोणी दोष लावू नये म्हणून माणसे बरोबर पाठवली. अर्पण उपासना संपताच, चर्चमध्येच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचे. नोटांच्या प्रकाराप्रमाणे चिठ्ठी लिहून दोघांच्या सह्या. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. अर्पणातूनच गॅस किंवा रिक्षाचे पैसे काढून उरलेले भरणे, इथूनच गोंधळ सुरू होतो. खर्च बँकेतून, तिघांपैकी दोघांच्या सहीने. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या नावाचा नको. महिन्याची जमा, खर्च आणि शिल्लक फलकावर लावा. वर्गणीदारांची नावे आणि रकमा मात्र लावू नका. थकबाकीची यादी भिंतीवर लागली की गरीब कुटुंब आधी वर्गणीतून आणि मग उपासनेतून नाहीसे होते. तीन महिन्यांच्या नियमित खर्चाएवढी शिल्लक बाजूला ठेवा, बांधकाम निधी वेगळ्या खात्यात.

हंगामाच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव ही आनंदाची गोष्ट, पण उधारीच्या बोलींनी ती भांडणाची होते. कोंबड्याला भरात पाच हजार बोलले जातात आणि पुढच्या सणापर्यंत येत नाहीत. बोली होताच नाव, वस्तू आणि रक्कम लिहून सही घ्या, महिन्याची मुदत द्या, आणि जमा झालेली रक्कमच हिशोबात धरा.

कागदपत्रांत तीन जागी मंडळ्या अडकतात. मंडळी स्वतंत्र विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढची प्रत्येक निवडणूक वादात जाते. जमीन विकायची किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीने इमारत भाड्याने द्यायची, शेतजमीन असेल तर दहा वर्षांहून अधिक, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. मालमत्ता डायोसिसच्या (बिशपच्या प्रांताच्या) किंवा मिशनच्या विश्वस्त संस्थेच्या नावे असेल तर स्थानिक कमिटीला तो अधिकारच नसतो, म्हणून आधी प्रॉपर्टी कार्ड आणि सातबारा काढून पाहा. तिसरे, परदेशातले पैसे. दुबईत काम करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या तुमच्याच भाच्याची धरली जाते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारे कार्ड) असले तरी. एफसीआरएची (परदेशी योगदानाच्या कायद्याची) नोंदणी किंवा परवानगी नसताना ती घेऊ नका.

कमिटीतल्या दोन तटांना बोलून मिटवता येत नाही, नियमांनी पातळ करता येते. मुदत तीन वर्षांची, लागोपाठ दोनदाच, मग निदान एक मुदत विश्रांती. दरवर्षी एक तृतीयांश जागा भरा, म्हणजे पूर्ण पॅनल पाडण्या-आणण्याची चढाओढ उरत नाही. उभे राहणाऱ्याने आधी वर्षभर विभागात किंवा शब्बाथ शाळेत काम केलेले असावे, ही अट घटनेत बसत असेल तर घाला. सेवा न करता सत्ता मागणारे तिथेच गळतात. सभा दीड तासाची, कार्यक्रमपत्रिका चार दिवस आधी, प्रत्येक ठरावापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत. भांडण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाच्या क्रमाने: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असे करा. पाळकांनी एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा नाही. "हे तुम्हीच त्यांना सांगा, मी सोबत बसतो" एवढेच.

मुलांच्या वर्गाला आठ-दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि खोलीत नेहमी दोन मोठी माणसे, दार उघडे. मुलाच्या लैंगिक छळाची शंका आली तर २०१२च्या पोक्सो (बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कमिटीत मिटवणे हा गुन्हा आहे. हे सर्व शिक्षकांना दरवर्षी सांगा.

दृढीकरणानंतर मुले गळतात, कारण तो वर्ग शाळा सुटल्यासारखा संपतो. काम आधी द्या: बाराव्या-तेराव्या वर्षापासून वाचनपाठ, ध्वनियंत्रणा, लहान वर्गाला मदत. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला सभासदत्वाचे पत्र द्या आणि तो जिथे राहणार तिथल्या मंडळीच्या पाळकांना तुमच्या पाळकांनी स्वतः फोन करावा, तो पोचण्याआधी. पहिल्या महिन्यात चर्च सापडले नाही तर बहुधा पुढे सापडत नाही. त्या मुलाला तुमच्या हजेरीत जागा नाही म्हणून तो तुमचा राहिला नाही असे नव्हे. तुमच्याकडून गेलेली पोरे शहरात टिकून आहेत की नाहीत हेही वर्षाच्या अहवालात लिहा.

क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने फक्त नोंदवही आणि भेटी, कोणतीही घोषणा नको. पुढचे तीन महिने विभाग, पण आधी आठांपैकी दोनच सुरू करा, त्यांच्या अडचणी पाहून मग उरलेले. सातव्या महिन्यापासून उपासनेची आणि शब्बाथ शाळेची वेळ. निवडणुकीचे नियम वार्षिक सभेत, तेही निवडणुकीला निदान सहा महिने असताना. ऐन तोंडावर आणलेला चांगला नियमही एका तटाचा डाव ठरतो. आणि पहिल्या महिन्यापासूनच एक फाइल घाला: कुटुंबांची यादी, विभागांची माणसे, घरोघरच्या प्रार्थनेच्या विनंत्या, अंथरुणाला खिळलेल्यांची नावे, चालू असलेले समेटाचे प्रयत्न, ठरावांच्या प्रती. ही फाइल चर्चची, पाळकांची नव्हे. त्यातले घरगुती विषय फक्त पाळकांना आणि मंडळीतल्या एका विश्वासू वडीलधाऱ्यालाच उघडता येतील असे ठेवा. पाळकांची बदली झाली की नव्या पाळकांनी जुन्यांबरोबर निदान एक आठवडा ही फाइल घेऊन घरे करावीत, आणि त्यासाठीचा प्रवासखर्च आतापासूनच अंदाजपत्रकात धरून ठेवा.